मासेमारीची वही : खानदेशात गळ टाकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तापी, गिरणा, पांझरा, वाघूर, अनेर आणि त्यांच्यावरची धरणं, बंधारे, गावतळी इथे हौसेने गळ टाकणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. जाळं टाकून पोट भरणाऱ्या भोई-कोळी बांधवांच्या हिशेबाची रीत वेगळी असते, ती इथे घेतलेली नाही. इथे विषय आहे तो एका माणसाने आपल्या फेऱ्यांची नोंद स्वतःसाठी कशी ठेवायची, याचा.

वही ठेवून काय मिळतं? सगळं लक्षात राहतंच की.

लक्षात राहतो तो मोठा मासा. चार तास बूच हललं नाही, ती सकाळ महिनाभरात पुसली जाते. मग "पुलाखाली अमावास्येला हमखास लागतो" असं आपण छातीठोक सांगतो. त्या पुलाखाली अमावास्येला किती वेळा बसलो आणि त्यातल्या किती वेळा हात हलवत परतलो, हे मात्र कुणी सांगू शकत नाही. वही नेमकं तेच सांगते. दोन पावसाळे नीट नोंद झाली की कोणत्या महिन्यात कोणत्या पाण्यावर जायचं, किती वाजता बसायचं, कोणता चारा न्यायचा, हे दुसऱ्याला विचारावं लागत नाही.

एका फेरीचं कमीत कमी काय लिहायचं?

तारीख, जागा, गळ पाण्यात पडल्याची आणि शेवटी काढल्याची वेळ, गळ किती होते, चारा कोणता, पाणी कसं होतं आणि मासे किती. एवढ्या सात गोष्टी आल्या की नोंद कामाची झाली. बाकी सगळं सवडीनुसार. पहिल्याच दिवशी वीस रकाने आखणाऱ्याची वही पाचव्या फेरीला बंद पडते, म्हणून सुरुवात सातवरच करा.

भरलेलं पान साधारण असं दिसावं (नमुना आहे; तंगूस म्हणजे गळाची बारीक नायलॉन दोरी, आवर्तन म्हणजे धरणातून ठरावीक दिवस सोडलेलं पाणी, गळ-तास आणि तबकडी यांचं पुढे सांगितलं आहे) :

फेरी ३१. १२ ऑक्टोबर, आश्विन वद्य ६. गिरणा, बंधाऱ्याच्या वरचा डोह, डावा काठ, उंबराखाली. सुरुवात ६.१०, शेवट १०.२५. गळ २. मधे अर्धा तास एक गळ बाहेर (तंगूस गुंतली). गळ-तास ८. पाणी हिरवट, तबकडी ५५ सेंमी, २६ अंश (६.३० वा.). आवर्तन बंद, पाणी उभं. वारा नाही. चारा : गळ १ गांडूळ, गळ २ कणीक+पेंड. रोहू ४६ सेंमी, १.१८ किलो, ७.०५, गळ २. रोहू ३८, वजन नाही, ७.४०, गळ २. मृगळ ४१, ०.६९, ८.१५, गळ २. चिलापी २, लहान, गळ १, सोडल्या. ८.३० नंतर एकही ओढ नाही.

शेवटचं वाक्य बघा. मासा कधी लागला याच्याइतकंच, कधीपासून लागायचा थांबला हे मोलाचं आहे. बहुतेकांच्या वहीत ते नसतं.

गळ-तास म्हणजे काय? तो कशाला काढायचा?

एक गळ एक तास पाण्यात राहिला की एक गळ-तास. दोन गळ सव्वाचार तास म्हणजे साडेआठ. त्यातला अर्धा तास एक गळ गुंत्यामुळे बाहेर होता, म्हणून आठ. मासे पाच. पाच भागिले आठ, म्हणजे गळ-तासाला ०.६३ मासा.

हा आकडा नसेल तर दोन फेऱ्यांची तुलनाच होत नाही. रविवारी तीन गळ लावून दिवसभर बसलेल्याला सहा मासे मिळाले आणि बुधवारी एका गळावर दीड तासात दोन मिळाले, तर चांगला दिवस बुधवारचा होता. रविवारची पिशवी जड असली तरी. वेळ मोजताना घरून निघाल्याची वेळ धरू नका. गळ ओला झाला तिथून तास सुरू. जेवायला बसलात आणि गळ पाण्यातच असेल तर तो वेळ धरायचा. काढून ठेवला असेल तर नाही.

काहीच मिळालं नाही तर नोंद करायची का?

करायचीच, आणि तेवढीच सविस्तर करायची. शून्याची फेरी गाळली की उरलेल्या सगळ्या नोंदी खोट्या बोलू लागतात. दहा वेळा जाऊन तीनदा मासे लागलेली जागा वहीत "तीनपैकी तीन" दिसते. मासे नसलेल्या दिवशी लिहायचा कंटाळा येतो हे खरं आहे. त्यावर उपाय एकच : गळ टाकल्याबरोबर तारीख, जागा, वेळ, पाणी हे लिहून टाका. पानाचं वरचं अर्धं आधीच भरलेलं असलं की निघताना खाली "मासा नाही" एवढंच लिहायचं उरतं.

वही कोणती, आणि कशाने लिहायची?

जाड पुठ्ठ्याची, शिवलेली, खिशात मावणारी वही. स्प्रिंगच्या वहीची पानं ओली झाली की सुटतात. लिहायला शिसपेन्सिल, एचबी. जेल पेनची शाई एका थेंबाने पसरते, बॉलपेन ओल्या कागदावर उठत नाही. शिसपेन्सिलीचं लिखाण पान भिजून सुकलं तरी वाचता येतं. पेन्सिलीचे दोन तुकडे करा, एक वहीला दोऱ्याने बांधा, दुसरा पिशवीत राहू द्या. वही झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा.

हाताला चाऱ्याचा आणि माशाचा चिकटा असतो, म्हणून वहीसोबत एक जुनं फडकं हवंच. केळीच्या बागेतून वाट काढत काठावर जात असाल तर केळीच्या चिकाचा हात पानाला लावू नका. तो डाग कपड्यावरून जात नाही तसा कागदावरूनही जात नाही, आणि खालचे आकडे झाकतो.

मोबाईलमध्येच नोंद केली तर?

चालेल, पण काठावर कागद आणि घरी मोबाईल ही जोडी जास्त टिकते. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो. उन्हात ठेवलेला फोन तापून बंद पडतो आणि नेमका तेव्हाच मासा लागलेला असतो. ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, हेही आहे.

मोबाईलचा खरा उपयोग दोन कामांना. एक, जागेचे अक्षांश-रेखांश. दुसरं, फोटो, फोटोत वेळ आपोआप नोंदली जाते, त्यामुळे मासा लागल्याचा क्षण लिहायचा राहिला तरी सापडतो. मात्र तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवला आणि मूळचा पुसला, तर ही माहिती फोटोतून निघून जाते. म्हणून मूळ फोटो जपा. घरी आल्यावर एक्सेलच्या तक्त्यात एका माशाला एक ओळ द्या, एका फेरीला एक ओळ नको. मासा नसलेल्या फेरीलाही एक ओळ, संख्येच्या रकान्यात शून्य.

जागा कशी लिहावी? "नेहमीचा कट्टा" लिहिलं तर चालतं का?

तुम्हाला आज कळेल, तीन वर्षांनी नाही. शिवाय आपल्या नद्यांचा तळ पुरागणिक बदलतो. तापीच्या पात्रात गेल्या वर्षीचा डोह यंदा वाळूने भरलेला आढळतो, वाळूचा उपसा होतो तिथे तर महिन्यातही फरक पडतो. म्हणून जागेचं नाव आणि जागेची खोली या दोन वेगळ्या नोंदी समजा.

नाव न हलणाऱ्या खुणेवरून द्या : पुलाचा अमुक क्रमांकाचा खांब, घाटाची पायरी, देवळासमोरचा खडक. काठ सांगताना पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून डावा-उजवा म्हणा, नाहीतर दोन काठांचा गोंधळ होतो. खोली मोजायला जाड नायलॉनची दोरी, टोकाला शंभर-दीडशे ग्रॅमचं शिसं, आणि दर अर्ध्या मीटरला गाठ. नायलॉनची दोरी ओली झाली की थोडी ताणते, त्यामुळे गाठींमधलं अंतर वर्षातून एकदा पट्टीने तपासा. पोळा होऊन पाणी उतरलं की प्रत्येक ठिकाणाची खोली नव्याने मोजायची. मागच्या वर्षीचे आकडे खोडायचे नाहीत, शेजारी लिहायचे.

पाण्याची पातळी आणि सोडलेलं पाणी यांची नोंद कशी ठेवायची?

खानदेशातल्या वहीचा सगळ्यांत महत्त्वाचा रकाना हाच, आणि दुर्लक्ष होतं तेही याकडेच. आपल्याकडे नदी आभाळाकडे बघून समजत नाही. तापी मुलताईला उगम पावते, पूर्णा विदर्भातून येऊन चांगदेवला तिला मिळते. बऱ्हाणपूरकडे किंवा अकोल्याकडे जोराचा पाऊस झाला की हतनूर धरणाला पाणी वाढतं, आणि त्या दिवशी भुसावळात लख्ख ऊन असू शकतं. गिरणेचं पाणी नाशिक जिल्ह्यातल्या डोंगरांतून येतं, पांझरेचं साक्रीच्या पश्चिमेकडून, अनेरचं सातपुड्यातून. तेव्हा वहीत "पाऊस नाही" एवढंच लिहून भागत नाही. "इथे पाऊस नाही, वर पाऊस" असे दोन शब्द जास्त लिहा.

धरणाखाली बसत असाल तर विसर्ग लिहा. हतनूरला ४१ दरवाजे आहेत; बातमीत किती दरवाजे आणि किती उघडले हे दोन्ही येतं, दोन्ही उतरवा. एकाच दरवाजाचं पूर्ण उघडणं आणि वीस दरवाजे थोडेथोडे उघडणं, यांत खालच्या पाण्याचा जोर वेगवेगळ्या जागी पडतो. एकक नक्की बघा. बातम्यांत कधी क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) असतं, कधी क्युमेक (सेकंदाला एक घनमीटर). एक क्युमेक म्हणजे सेकंदाला १००० लिटर, म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. एका पानावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं लिहिलं की पस्तीसपटीची चूक बसते, आणि ती वर्षाने शोधूनही सापडत नाही.

गिरणेवर आवर्तनाची तारीख लिहा. कालपर्यंत डोहात उभं असलेलं पाणी आवर्तन सुटलं की वाहू लागतं आणि मासा जागा बदलतो. आवर्तनाचा पहिला दिवस, चौथा दिवस आणि बंद झाल्यानंतरचा दुसरा दिवस, हे तीन वेगळे प्रसंग आहेत. "आवर्तन चालू" या एका शिक्क्याखाली त्यांना कोंबू नका. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथल्या बॅरेजच्या मागे बसणाऱ्यांनी दरवाजे बंद आहेत की उघडे, एवढं तरी लिहावं. नवापूरकडे उकाई धरणाच्या फुगवट्यावर पाणी पावसाळ्यानंतर चढतं आणि उन्हाळ्यात दूरवर हटतं. तिथे काठापासून एखाद्या पक्क्या खुणेपर्यंतचं अंतर पावलांनी मोजून लिहिलं तरी पुरे. पुलाच्या खांबावर मीटरचे आकडे रंगवलेले असतील तर प्रश्नच मिटला, तो आकडा रोज घ्या.

एक कळकळीची सूचना. विसर्ग वाढवायच्या आधी भोंगा वाजतो, गावात दवंडी किंवा फोनवर संदेश येतो. तो ऐकला की वही मिटायची आणि वर यायचं. पाणी वाढताना मासा चांगला लागतो म्हणून खडकावर थांबलेल्यांच्या मागची वाट आधी बुडते.

पाणी "गढूळ" म्हणजे नेमकं किती? याला माप आहे का?

आहे, आणि ते घरी बनतं. २० सेंटिमीटर व्यासाची गोल तबकडी घ्या. जुन्या स्टीलच्या ताटलीचा तळ चालतो. तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काळे, दोन पांढरे रंगवा. मधे भोक पाडून दोरी ओवा, खालून वजन बांधा, दोरीवर दर दहा सेंटिमीटरला खूण करा. सावलीच्या बाजूने पाण्यात सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी लिहा. हिला सेक्कीची तबकडी म्हणतात, तळ्यांचा अभ्यास करणारे हीच वापरतात.

माप दहा ते दोनच्या दरम्यान घेतलं तर एकमेकांशी जुळतं. पहाटे ६ वाजता आणि दुपारी १ वाजता त्याच पाण्यात वेगळा आकडा येतो, कारण उजेड वेगळा असतो. सकाळीच परतत असाल तर दर वेळी निघताना ठरलेल्या वेळी घ्या, मग तुमचे आकडे निदान आपसांत तरी बोलतील. रंगही लिहा : मातकट, चहासारखं, हिरवट, नितळ. मातीचा गढूळपणा आणि शेवाळाचा हिरवेपणा तबकडीवर सारखाच आकडा देऊ शकतो, माशाला मात्र तो सारखा नसतो.

तापमान हवेचं लिहायचं की पाण्याचं?

पाण्याचं. लाल स्पिरिटचा काचेचा तापमापक दोरीला बांधून एक-दोन फूट खाली दोन-तीन मिनिटं ठेवा, वर काढताच वाचा. हवेत धरून उभे राहिलात तर आकडा बदलतो. पारा असलेला तापमापक काठावर नको, फुटला तर पारा पाण्यात जातो. ताप मोजायचं थर्मामीटर इथे चालत नाही, ते ३५ च्या खाली दाखवतच नाही. उथळ काठावर मोजू नका. मे महिन्यात घोट्याएवढं पाणी डोहापेक्षा कितीतरी गरम असतं.

पाणी तापलं की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो : २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसात. साठलेल्या हिरव्या पाण्यात पहाटे तो आणखी खाली जातो, कारण रात्रभर शेवाळही श्वास घेतं. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर ते आवर्जून लिहा. अशा सकाळी मासा भरपूर दिसतो आणि गळाला लागत नाही.

हवेचा दाब आणि तिथी लिहाव्यात का?

तिथी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतून एका शब्दात लिहिता येते, लिहा. तिच्यावरून निष्कर्ष मात्र वहीलाच काढू द्या.

दाबाबद्दल थोडं जपून. फोनमधला दाबमापक तुमच्या जागेचा दाब दाखवतो, हवामानाची अ‍ॅपं समुद्रसपाटीला आणलेला दाखवतात. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंच आहे, त्यामुळे या दोन आकड्यांत वीसेक मिलिबारचा फरक पडतो. दोन्ही मिसळू नका. दुसरं म्हणजे आपल्या पट्ट्यात दाब रोजच खालीवर होतो : सकाळी दहाच्या सुमारास चढलेला, दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. सकाळी दहाला बसून "दाब चढला होता म्हणून मासा लागला" असं लिहिलं तर तो रोजच चढलेला असतो. कालच्या त्याच वेळेशी तुलना करा, तरच अर्थ आहे.

मासा नीट कसा मोजायचा?

लांबी आधी, वजन नंतर. लांबी तोंड मिटवून, तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या लांब टोकापर्यंत. काही जण शेपटीच्या खाचेपर्यंत मोजतात. रोहू-कटल्यात त्याने काही सेंटिमीटरचा फरक पडतो. कोणतीही रीत घ्या, पण वहीच्या पहिल्या पानावर ती लिहून ठेवा आणि बदलू नका.

मापनाला रेक्झिनची पट्टी करा, ८० सेंमी लांब, शून्याच्या टोकाला लाकडी ठोकळा. माशाचं तोंड ठोकळ्याला टेकवायचं आणि शेपटीवरचा आकडा वरून सरळ बघायचा. तिरकं बघितलं की सेंटिमीटर इकडचा तिकडे होतो. शिवणकामाची कापडी टेप अंगावरून फिरवू नका, पोटाच्या गोलाईने लांबी वाढते.

मासा सोडायचा असेल तर पट्टी आधी पाण्याने ओली करा, हात ओले करा. कोरड्या पृष्ठभागावर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडल्यावर त्या जागी बुरशी धरते. पट्टी नसेल तर केळीचं ओलं पान अंथरा : गार, गुळगुळीत आणि रावेर-यावल भागात हाकेच्या अंतरावर. मधल्या शिरेच्या उंचवट्यावर मासा हलतो, म्हणून शीर काढून अर्धं पान घ्या. उन्हाळ्यात पाण्याबाहेर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त ठेवू नका. पट्टी, काटा, पेन्सिल सगळं तयार असेल तरच मासा बाहेर काढा.

वजनाला हूकवाला काटा घ्या, पण मासा कल्ल्यातून टांगू नका. ओल्या जाळीच्या पिशवीत घाला, एकूण वजन लिहा, नंतर रिकाम्या ओल्या पिशवीचं वजा करा. कोरड्या पिशवीचं वजा केलंत तर पाण्याचं वजन माशाच्या नावावर चढतं. स्प्रिंगचा काटा वर्षभरात सैल होतो. एक किलो मिठाचं बंद पाकीट टांगून दर दोन-तीन महिन्यांनी तपासा आणि फरक वहीत लिहा.

दोन्ही मापं असतील तर मासा भरलेला की खपाटलेला हे काढता येतं. वजन ग्रॅममध्ये गुणिले १००, भागिले लांबीचा घन. नमुन्यातला रोहू : ११८० × १०० ÷ (४६ × ४६ × ४६) = १.२१. त्याच जातीच्या, त्याच पाण्यातल्या माशांचा हा आकडा महिन्यांमागून ठेवला तर उपासाचे आणि खाण्याचे दिवस वेगळे दिसू लागतात. रोहूचा आकडा मृगळाशी ताडू नका, अंगाची घडणच वेगळी. गाभोळी भरलेल्या मादीचा आकडा फुगतो, तिच्यापुढे "गा." लिहा.

जात ओळखताना चुका कुठे होतात?

रोहू, मृगळ आणि कटल्याच्या पिल्लांत. कटल्याचं डोकं मोठं, तोंड वर वळलेलं, मिशा नाहीत. रोहूच्या खालच्या ओठाला झालर असते आणि परांवर तांबूस छटा. मृगळ चंदेरी, अंगाने सडपातळ, नाकाड बोथट, ओठ पातळ.

मिशीवाल्यांत शिवडा आणि शिंगाडा यांची अदलाबदल होते. शिवड्याचं तोंड डोळ्याच्याही मागे फाटलेलं असतं, मिशांच्या दोन जोड्या, पाठीवर एकच छोटा पर. शिंगाड्याला मिशांच्या चार जोड्या आणि पाठीच्या मागच्या भागात एक मांसल पर असतो. दोघांनाही हाताळताना बोटं जपा. थाई मांगूर पाळायला देशात बंदी आहे. तो गळाला लागला तर जागेसह नोंद करा आणि परत पाण्यात सोडू नका, तो इतर मासे आणि पिल्लं फस्त करतो. महाशीर लागलाच तर लांबी घ्या, फोटो घ्या आणि पाण्यातल्या पाण्यात मोकळा करा.

नाव एकच ठेवा. अहिराणीत ळ चा य होतो, त्यामुळे एकाच्या वहीत "मरळ" आणि त्याच पानावर भावाने लिहिलेलं "मरय" सापडतं. दोन्ही बरोबर, पण तक्त्यात त्या दोन जाती होतात. पहिल्या पानावर आपली यादी करा आणि तीच वापरा.

चाऱ्याची नोंद किती बारीक हवी?

पुन्हा तसाच बनवता येईल इतकी. "पेंडीचा चारा" ही नोंद नव्हे. "शेंगदाण्याची पेंड २०० ग्रॅम, ज्वारीचं पीठ १००, मैदा ५०, पाणी दीड कप, रात्रभर मुरवलेला" ही नोंद. मुरवण्याचे तास लिहा. मे महिन्यात बारा तासांत आंबतो तो चारा डिसेंबरात दोन दिवस घेतो. पाण्यात आधी टाकलेला चारा आणि गळाला लावलेला चारा वेगवेगळा लिहा, किती गोळे आणि किती वाजता तेही.

गळाचा नंबर लिहिताना ध्यानात ठेवा : १० पेक्षा ६ मोठा, ६ पेक्षा १ मोठा, पण त्यापुढे १/०, २/० असे वाढत जातात. कंपनीगणिक एकाच नंबराचा आकार बदलतो, म्हणून टोकापासून दांडीपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहिलेलं उत्तम. तंगूस मिलिमीटरच्या जाडीने लिहा, किलोच्या ताकदीने नव्हे. पाकिटावरची ताकद गाठ मारल्यावर राहत नाही.

किती फेऱ्या झाल्यावर निष्कर्ष काढावा?

एका पाण्यावर, एका हंगामात पंचवीस-तीस फेऱ्या होईपर्यंत नुसतं लिहीत राहा. नंतरही दोन चुका टाळा.

पहिली सरासरीची. एका सकाळी १ गळ-तासात २ मासे, दुसऱ्या दिवशी ९ गळ-तासांत ३. दोन्ही दरांची सरासरी काढली तर १.१७ येते, आणि ती दिशाभूल करते. सगळे मासे एकत्र, सगळे तास एकत्र : ५ भागिले १०, म्हणजे ०.५. नेहमी असंच काढा.

दुसरी चूक जास्त फसवी. गांडूळ तुम्ही पहाटेच लावता, कारण ते उन्हात टिकत नाही. कणीक दुपारी लावता. वही म्हणते, गांडूळ दुप्पट चांगलं. खरं तर पहाट चांगली असेल. हे सोडवायला दोन गळ शेजारी टाका, एकाला गांडूळ, एकाला कणीक, आणि दर अर्ध्या तासाने अदलाबदल करा, म्हणजे जागेचा फायदाही एकालाच मिळणार नाही. अशा आठ-दहा सकाळी झाल्या की उत्तर बोलू लागतं. जागा, तिथी, ढग, सगळ्यांना हीच रीत लावा : बदलायची ती एकच गोष्ट, बाकी सगळं सारखं.

दोघे-तिघे मिळून जातो. वही एक की वेगवेगळ्या?

फेरीची वही एक, पण गळ कुणाचा आणि मासा कुणाचा हे आद्याक्षराने लिहा. सगळे मासे एकत्र लिहून एकाच्याच तासांनी भागले की तो दिवस उगाच सोन्याचा दिसतो.

परवानगीचा रकाना कशाला?

धरणं-तलावांतले मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, त्यांनी तिथे बीज सोडलेलं असतं. गळ टाकण्याआधी त्या संस्थेला विचारणं हा त्यांचा मान आहे आणि आपलं कर्तव्य. पावती मिळाली तर तिचा क्रमांक वहीत उतरवा. उष्णतेने छापल्या जाणाऱ्या (थर्मल) कागदावरच्या पावतीचे आकडे काही महिन्यांत उडून जातात.

जुन्या, आठवणीतल्या फेऱ्या लिहून काढाव्यात का?

वहीच्या मागच्या बाजूने लिहा, वर "आठवणीतून" असं ठळक घालून. हिशेबात धरू नका. त्यांत शून्याच्या फेऱ्या नसणार. वडिलांनी, आजोबांनी सांगितलेल्या जागाही तिथेच लिहा. धरणाआधी कुठे धार होती, कुठे डोह होता, हे सांगणारी माणसं आता कमी होत चालली आहेत आणि ते कुठल्या नकाशावर सापडत नाही.

वही जपायची कशी?

आठवड्याला प्रत्येक नव्या पानाचा फोटो काढून तो फोनबाहेरही एका ठिकाणी ठेवा. भिजलेली वही उन्हात टाकू नका, पानं एकमेकांना चिकटतात. पानांमधे वर्तमानपत्राचे तुकडे घालून सावलीत, पंख्याखाली वाळवा आणि दर तासाला तुकडे बदला. भरलेल्या वहीच्या पाठीवर वर्ष आणि फेऱ्यांचे क्रमांक लिहून ती कोरड्या पत्र्याच्या पेटीत ठेवा. माशाचा वास लागलेल्या कागदाला झुरळं आणि कसर लवकर धरते, म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला आणि दर पावसाळ्यानंतर तो बदला.